खंडेनवमीला धुतलेलं शेवाळ

अण्णा,

तुमच्या तिन्ही टाक्यांतलं शेवाळ मी धुऊन काढलं, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक होती. ती कबूल करण्यासाठी आज लिहायला बसलेलो नाही. गेल्या रविवारी मी लालबागच्या त्या विहिरीवर गेलो होतो. तिथे जे घडलं ते कोणाला सांगावं याचा विचार केला, आणि तुमच्याखेरीज कोणी आठवलं नाही. घरात सांगितलं तर "एवढंच ना?" असं उत्तर येईल, आणि त्या उत्तरात काही चूक आहे असंही मला दाखवून देता येणार नाही. तुम्ही गेलात त्या वेळी तुमचं जे वय होतं ते मी केव्हाच ओलांडलं. तरीही तुम्ही पाठीशी उभे राहून वाचता आहात असं वाटून मी अजून अक्षर सांभाळतो, आणि एखादा शब्द जास्तीचा वाटला तर थांबतो.

आम्ही आता शिवाजी पार्कजवळ राहतो. गॅलरीच्या कठड्याला बाहेरच्या बाजूनं दर पावसाळ्यात शेवाळ धरतं. पाण्यावर तरंगतं ते नव्हे. दगडाला, चिऱ्याला मखमलीसारखं चिकटून वाढतं ते, ज्याला तुम्ही 'मॉस' म्हणत असा आणि बाकी सगळं जग शेवाळच म्हणत असे. गणपती झाले की सोसायटीचा माणूस तारेचा ब्रश घेऊन ते खरवडायला येतो. तो खरवडत असतो तेवढा वेळ मी आतल्या खोलीत जाऊन बसतो. तुमच्या सुनेला वाटतं, मला धुळीचा त्रास होतो.

रंगखान्याची सुरुवात मला नीट आठवते. माटुंग्याला रंगशास्त्र शिकून, परळच्या एका गिरणीत काही वर्षं रंगमास्तर म्हणून काढून, तुम्ही लालबागच्या त्या बोळात स्वतःचं काम सुरू केलंत. सुताच्या लडी रंगवायच्या, थोडं कापड रंगवायचं. वापरून झालेलं रंगाचं पाणी गटारानं पुढे जायचं, आणि ते गटार शेजारच्या चाळीच्या विहिरीला खेटून होतं. चाळीत बहुतेक बिऱ्हाडं सातारा आणि रत्नागिरीकडची, गिरणीत काम करणारी, ज्यांना त्या काळात गल्लीतल्या नळावर दुसऱ्यांच्या घागरी भरून होईपर्यंत बाजूला उभं राहावं लागे. म्हणून ती विहीर त्यांना जिवाभावाची. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी दर वर्षी स्वतः उतरून, गाळ काढून ती जिवंत ठेवली होती. मी कॉलेजात होतो आणि दुपारनंतर रंगखान्यात येऊन बसायचो. एके दिवशी चाळीतल्या एक बाई ओलं धोतर हातात घेऊन थेट आत आल्या. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या, पण सगळी चाळ त्यांना वैनी म्हणायची.

"काय वो अण्णा, हे बगा! मालकांचं धोतर जांभळं झालं. उद्या सभेला जायचं हाय त्यांना. नवरदेव बनून जातील का?"

कामगार हसले. मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही ते धोतर हातात घेतलंत, उजेडात धरलंत आणि विचारलंत, "विहिरीच्या पाण्यात धुतलंत?" त्यांनी मान डोलावली. तुम्ही तसेच बाहेर जाऊन गटाराशी उकिडवे बसलात.

पुढचा पावसाळाभर तुम्ही ते गटारच पाहत होतात. मागच्या काळ्या दगडाच्या भिंतीतून आपलं पाणी झिरपत खाली उतरायचं, आणि त्या भिंतीवर शेवाळाचा जाड थर होता. वरच्या बाजूला पाणी निळं, खालच्या बाजूला जवळजवळ निवळ. मधलं शेवाळ मात्र हिरवं राहिलं नव्हतं, शाईत बुडवल्यासारखं काळपट झालं होतं. मला तुम्ही हात धरून तिथे नेलंत आणि म्हणालात, "बघ, रंग कुठे थांबला ते." मी पाहिलं. मला ओली भिंत दिसली.

मग एकाखाली एक अशा तीन टाक्या बांधल्या गेल्या. तळाला खडी, तिच्यावर काथ्या, आणि वर दाबून भरलेलं शेवाळ. एवढं शेवाळ मुंबईत मिळेना, म्हणून नवरात्राच्या सुमाराला, गावाकडच्या गडग्यांवरचं, म्हणजे दगडी कुंपणांवरचं, शेवाळ वाळू लागलं की तुम्ही बोटीनं कोकणात जायचात आणि ते खरवडून, वाळवून, पोती भरून आणायचात. गावात तुमची थट्टा व्हायची. चुलतकाका सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मुंबयचो मास्तर गडग्यावरचा शेवाळ पोत्यात भरता. उद्या उकिरडो पण भरतलो!" गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांतही निराळं काही नव्हतं. बोटीत पोती दमट व्हायची, ती पुन्हा वाळवायला गॅलरीत पसरली जायची, आणि आई म्हणायची, "माझ्या पापडांना ऊन नाही, आणि ह्यांच्या शेवाळाला अख्खी गॅलरी." तुम्ही तिला म्हणायचात, "तुझे पापड एक दिवस टिकतात. हे वर्षभर काम करतं." ती स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "मग त्यालाच आमटीत घाला." एकदा तिनं खरंच एक चिमूट तुमच्या ताटाच्या कडेला, लोणच्याच्या जागी वाढली होती. तुम्ही ती बोटानं उचलून वासाला लावलीत आणि "अजून ओलं आहे," म्हणालात.

टाक्या बांधल्यावर तुम्ही चाळीतल्या लोकांशी एक ठराव केला होता. कागदावर काही नव्हतं. रोज सकाळी, पाणी गटारात सोडायला टाकीच्या तोंडाचा बोळा काढण्याआधी, तिसऱ्या टाकीतलं पाणी पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात घ्यायचं आणि विहिरीवर जाऊन दाखवायचं. बायका वाडग्यात डोकावायच्या. पाण्याला जराही रंग दिसला तर त्या दिवशी बोळा निघायचा नाही. पाणी आणखी एक दिवस शेवाळात मुरायचं. अनेकदा तुम्हाला पाणी स्वच्छ वाटायचं आणि वैनी म्हणायच्या, "न्हाय अण्णा, पिवळं हाय." तुम्ही वाद न घालता परत यायचात. मी एकदा विचारलं, "तुम्ही रंगशास्त्र शिकलेले, त्यांना काय समजतं त्यातलं?" तुम्ही म्हणालात, "प्यायचं त्यांना आहे."

शेवाळाचे नियमही तुम्ही मला सांगितले होते. न सांगितल्याची सबब मला नाही. पाण्याला घाई करायची नाही. शेवाळ रंगानं भरलं की ते काढायचं, वाळवायचं आणि दूर नेऊन चुन्यात पुरायचं. धुवायचं कधीच नाही. मी ते ऐकलं होतं. मला ते पटलं मात्र नव्हतं. पाणी तीन टाक्यांत थांबतं, गाळ खाली बसतो, म्हणून ते निवळतं, शेवाळ ही तुमची एक हौस आहे, असं माझं मत होतं. बी.कॉम. झाल्यावर माणसाला अशी मतं फार लवकर होतात.

त्यानंतर चळवळीची वर्षं आली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, मोर्चे, गोळीबार, लालबाग-परळला संचारबंदी. आपला रंगखाना त्यात निराळ्याच वाटेनं ओढला गेला: निशाणांना काळं कापड हवं होतं. कोणी पुढारी येणार असला की त्याआधी तागे यायचे, आणि तुम्ही ते रंगवून द्यायचात. काळा पक्का बसावा म्हणून शेवटी त्याला मोरचूद आणि बायक्रोमेटच्या पाण्यातून काढावं लागे. त्या दोहोंचा उरलेला विषारी अंश पाण्याबरोबर टाक्यांत उतरायचा, आणि तुम्ही नेहमीपेक्षा अधिक वेळा वाडगा बघायचात. "काळा वाईट," तुम्ही म्हणायचात. "डोळ्यांना दिसतो तेवढाच नसतो." वैनींचे यजमान मोर्च्यात पुढे असत. वैनी वाडगा पाहता पाहता तुम्हाला म्हणाल्या होत्या, "अण्णा, काळा समद्यांचा झाला. आमचा निळा कधी?"

नागपूरच्या दीक्षेला दसऱ्याला वर्ष होणार होतं. चाळ बौद्ध झाली होती, आणि त्या दिवशी अंगणात वंदना व्हायची होती, सगळ्यांचं जेवण व्हायचं होतं. कोकणात जायला निघण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कामगारांना सुट्टी दिलीत आणि निळी निशाणं स्वतःच्या हातांनी रंगवलीत. तुमचे कोपरापर्यंत निळे झालेले हात मला दिसतात. तुम्ही ती निशाणं घडी करून वैनींकडे देता, त्या पदरानं हात पुसून ती घेतात, आणि म्हणतात, "ह्याचा रंग गेला तर तुमालाच पुन्हा बसवीन." तुम्ही म्हणता, "जाणार नाही." जाताना मला म्हणता, "वाडगा दाखवत जा. टाक्यांतलं शेवाळ यंदा भरलंय, आल्यावर बदलू." आणि बोटीला निघून जाता.

मी वाडगा दाखवत होतो, अण्णा. खंडेनवमीपर्यंत एक दिवस चुकवला नाही.

खंडेनवमीला गिरणगावात प्रत्येक यंत्र, प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पूजेला लावतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडेही घंगाळं उजळली जायची, हौद घासले जायचे, झेंडूच्या माळा लागायच्या. त्या वर्षी दादरचे एक गृहस्थ संध्याकाळी पूजेला येणार होते. त्यांच्या मुलीचं स्थळ माझ्यासाठी आलं होतं आणि त्यांना आपला उद्योग पाहायचा होता. सकाळपासून मी स्वतः उभा राहून सगळं चकचकीत करून घेतलं. उरल्या त्या तीन टाक्या. रंगखान्याच्या अंगणात मधोमध, काळ्या, बुळबुळीत, कुजक्या वासाच्या. झेंडूची माळ त्यांच्यावर घालायची म्हटली तरी ओशाळं वाटावं अशा. तुम्ही त्यांना कसे वगळत होतात, हे दर वर्षी मी पाहिलं होतं. तुम्ही त्यांना धूत नसा. नुसतं हळदकुंकू वाहत असा.

घंगाळं उजळायला पातळ केलेलं तेजाब बरंच उरलं होतं. कामगारांनी टाक्यांना हात लावायला नको म्हटलं, म्हणून मीच पायजमा दुमडून उभा राहिलो, ते तेजाब वरच्या टाकीत ओतलं आणि मागून पाण्याच्या बादल्या मारल्या. आधी काळं पाणी निघालं, मग हिरवट, मग मोरचुदासारखं निळसर. बोळा मी काढूनच ठेवला होता. पाणी जात राहिलं, आणि एवढी घाण इथे साठली होती याचं मला आश्चर्य वाटत होतं. ती गेल्याचं समाधान वाटत होतं. शेवटी शेवाळ पुष्कळसं उजळ दिसू लागलं. वाडगा भरून दाखवण्याचा विचार माझ्या मनात आला, हे मला स्वच्छ आठवतं. पण त्या दिवशी रंगकाम नव्हतं. रंगकाम नसलं तर रंगाचं पाणी नाही. आणि पाणी नसलं तर वाडगा नाही. हा हिशेब इतका बिनचूक होता की मी पुन्हा त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

दादरचे गृहस्थ खूश झाले. "मला वाटलं होतं, नाकाला रुमाल लावावा लागेल," ते म्हणाले. "इथे तर पान मांडून जेवायला बसावं."

दुसऱ्या दिवशी सोनं वाटत मी गिरगावात फिरत होतो, तेव्हा आपला एक कामगार धावत आला. मी चाळीत पोहोचलो तोवर अंगणातली वंदना झाली होती. निळी निशाणं दोरीवर फडफडत होती. रंग गेला नव्हता. त्यांच्याखाली लोक ओकत होते. नळाला पाणी अपुरं पडलं म्हणून स्वयंपाक विहिरीच्या पाण्यावर केला होता. लापशीची मोठी पातेली बायकांनी गटाराशी नेऊन उपडी केली, ते मी पाहिलं. शिजलेलं अन्न, त्या दिवसाचं अन्न. वैनींच्या सासूबाईंना परळच्या इस्पितळात नेलं होतं. त्या वाचल्या, हे दुसऱ्या दिवशी समजलं, पण त्या घटकेला ते कोणालाच माहीत नव्हतं. वैनी विहिरीच्या काठाशी उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी एवढंच विचारलं:

"वाडगा कुठाय?"

"काल खंडेनवमी होती," मी म्हणालो. "रंगकाम बंद होतं. त्यामुळे—"

"मंग हे पानी कुठनं आलं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अवो, साहेब हायेत ते. सुट्टी असली की पानी बी त्यांना इचारूनच व्हातं."

मी म्हणालो, "अण्णा आल्यावर पाहू." त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या बोलण्यातलं ते शेवटचं वाक्य.

भाऊच्या धक्क्यावर तुम्ही बोटीतून उतरता. अंगावर गावची धूळ, चेहऱ्यावर आनंद. "यंदा काय शेवाळ मिळालंय! मऊ, लांब. हात लावून बघ." पोत्याचं तोंड सोडून तुम्ही ते माझ्यापुढे धरता. मी हात घालतो. आत कोरडं, उबदार, एखाद्या प्राण्याच्या पाठीसारखं. हात पोत्यात असतानाच मी सगळं सांगतो. तेजाब, बोळा, वाडगा, लापशी. हमाल पोतं उचलायला येतो, त्याला तुम्ही हातानं थांबवता. आणि मग म्हणता, "धुतलंस? अरे, ते मळलेलं नव्हतं. ते धरून बसलं होतं."

याहून अधिक तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत, आणि नंतरही कधी नाही. मला वाटतं, तुम्ही ओरडला असतात तर आज मला ते शब्द आठवले नसते.

पोती रंगखान्यात गेलीच नाहीत. ती सरळ विहिरीवर गेली. चाळीतल्या पुरुषांबरोबर तुम्ही विहीर उपसलीत. पाणी दूरच्या मोरीत टाकायचं, झरे भरू द्यायचे, पुन्हा उपसायचं. मला दोर ओढायला उभं केलंत; सांगितलं नाहीत, नुसता दोर हातात दिलात. मग तुम्ही जाळीच्या पिशव्यांत शेवाळ भरून विहिरीत सोडलंत, काढलंत, पुन्हा नवं सोडलंत. वर्षभरासाठी आणलेलं सगळं शेवाळ त्या विहिरीत संपलं. रोज वाडगा भरायचा, आणि वैनी मान हलवायच्या: अजून नाही. बाटलीला चिठ्ठी लावून तुम्ही पाणी प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवलंत. ते बरं ठरल्यावरही वैनींचा होकार येईपर्यंत तुम्ही थांबलात. ज्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही, त्या दिवशी तुम्ही सगळ्या चाळीसमोर म्हणालात, "चूक रंगखान्याची होती. म्हणजे माझी. पहिला पेला मला द्या." वैनींनी पितळेचा पेला भरून दिला. तुम्ही तो उभ्यानं, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलात आणि पेला उपडा करून दाखवलात.

मी तुमच्या मागे दोन पावलांवर होतो. वैनींनी माझ्याकडे पाहिलं. मला विचारलं नाही.

त्या पेल्याची बातमी गिरगावात पोहोचली, तेव्हा आपल्या नात्यातले दोघे-तिघे घरी आले होते. पाण्यात काय मिसळलं होतं याची चौकशी त्यांनी केली नाही. पेला कोणाच्या हातचा होता एवढीच केली. आईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "त्यांना तहान लागली होती." तुम्ही आत हात धूत होतात. मला वाटतं, तुम्ही ऐकलंत.

महाराष्ट्र झाला तो दिवस तुम्हाला दिसला नाही. काही महिने आधी हृदयविकारानं तुम्ही गेलात. त्या पाण्याचा याच्याशी संबंध आहे, असं कोणताही डॉक्टर म्हणाला नाही, आणि मीही म्हणत नाही. वैनी चाळीतल्या बायकांना घेऊन गिरगावात भेटायला आल्या. निघताना त्यांनी आईकडे तो वाडगा मागितला. आईनं फडताळातून काढून, पुसून दिला. रंगखाना मी बंद केला आणि फोर्टातल्या एका कचेरीत रुजू झालो. पुढे नळाचं पाणी वाढलं, विहिरीवर फळ्या पडल्या. तीसेक वर्षं मी त्या बोळात गेलो नाही. लालबागला जायचं कारण पडलं तर दुसऱ्या रस्त्यानं जायचो.

या उन्हाळ्यात चाळीच्या समितीचा फोन आला. गिरण्या संपापासून बंद पडल्या, त्यांच्या आडोशाला कापडछपाईचे छोटे गाळे निघाले आहेत. त्यातल्याच एकाचं रंगाचं पाणी त्याच जुन्या गटारानं येतं. नळाला पाणी पुरत नाही, विहीर उघडायची आहे. वैनींनी सांगितलं होतं, "अण्णांच्या मुलाला बोलवा." मी गेलो. वैनी आता वाकल्या आहेत, एका डोळ्यानं अधू आहेत. मला पाहून म्हणाल्या, "केस पिकले की वो दादा. अक्कल तरी पिकली का?" आणि स्वतःच हसल्या. मग त्यांनी कपाटातून वाडगा आणला. एका बाजूला कडा उडाली आहे, एरवी तसाच.

मी टाक्या बांधवून घेतल्या, अण्णा. तुमच्याच मापाच्या. खडी, काथ्या, शेवाळ. गावाहून पोती आता एस.टी.नं येतात, आणि चुलतकाकांचा नातू तीच थट्टा करतो. छपाईवाल्याला मी बसवून नियम समजावले, आणि टाकीवर तेलरंगानं लिहवलं: शेवाळ धुऊ नये. पावसाळाभर दर रविवारी जाऊन मी वाडगा भरला. विहीर उपसली, पाणी तपासून घेतलं, अहवाल दोनदा वाचला. वैनी वाडगा नाकाशी नेऊन बघायच्या, कारण डोळ्यांवर आता त्यांचा भरवसा नाही.

गेल्या रविवारी त्यांनी 'अजून नाही' अशी मान हलवली नाही. सगळी चाळ जमली होती. दोर टाकून पहिली कळशी काढली गेली, आणि वैनींनी पितळेचा पेला भरून माझ्यापुढे धरला. तोच होता की दुसरा, मला सांगता येणार नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. पाणी मी स्वतः तपासलेलं होतं. त्यात काही नाही हे त्या अंगणात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "मला डॉक्टरांनी उकळलेलंच पाणी सांगितलंय."

पेला वैनींच्या हातात तसाच राहिला. मग वैनी हसल्या. "का वो दादा, अजून इटाळ व्हतो काय?" लोक मोठ्यानं हसले. मीही हसलो. वैनींनी पेला खाली घेतला आणि तसाच हळू म्हणाल्या, "अण्णांनी इचारलं नव्हतं, उकळलंय का." अंगणात कडेला पिंपळाचं रोप लावलं आहे. त्यांनी पेला त्याच्या मुळाशी ओतला, आणि दुसरा भरून स्वतः प्यायल्या.

डॉक्टरांनी मला असं काहीही सांगितलेलं नाही. मग मी का प्यायलो नाही? तुमच्या जागी उभं राहण्याचा मला अधिकार नाही असं वाटलं, हे एक कारण. ते खरं आहे, आणि ऐकायलाही बरं आहे. दुसरं कारण वैनींनी थट्टेत विचारलं ते. 'ते मात्र अजिबात खरं नाही,' असं वाक्य मी वर लिहिलं होतं. मग मला आठवलं की तुमच्या पेल्याची चौकशी करायला आलेल्या नातेवाइकांना त्या दिवशी चहाचे कप मीच नेऊन दिले होते, आणि त्यांच्या बोलण्यावर मी मान डोलावत होतो. ते वाक्य मी खोडलं. पुन्हा लिहून पाहिलं, पुन्हा खोडलं.

परवा रविवार आहे. वाडगा बघायला जायचं आहे. वैनी पुन्हा पेला पुढे करतील असं मला वाटत नाही, आणि मागून घेण्याइतकं धैर्य माझ्याजवळ असेल की नाही, हे आज सांगता येत नाही.

आईनं त्या लोकांना काय सांगितलं होतं, ते तुम्ही ऐकलं असेलच. मलाही गेल्या रविवारी, अण्णा, त्या उन्हात, तहान लागली होती.